एका गोलानं मागे पडणारी टीम

सन २०२४, आणि मी बहात्तर वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत, त्यातही चौथीत दोनदा बसलो. पण फुटबॉलमधलं मले काही शिकवील असा माणूस नागपूरच्या अजनीत अजून जन्माला यायचा आहे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून कोणी म्हणायला नको की म्हातारा उगाच गमजा मारून राहिला.

जानेवारीत भास्करचा फोन आला. भास्कर म्हणजे आमच्या रेल्वेच्या लोको शेडच्या टीमचा गोलकीपर. चाळीस वर्षांपूर्वी बदली होऊन रायपूरला गेला तो तिकडचाच झाला. बायको वारल्यावर तिथल्या रेल्वे कॉलनीतल्या पोट्ट्यांची टीम चालवतो, तेवढंच त्याला काम. मी त्या शेडच्या टीमचा कॅप्टन होतो. आम्ही एका गोलानं मागे असलो की लोक घरी जात नसत, कारण शेवटच्या वीस मिनिटांत आम्ही सामना फिरवायचो. भास्कर मात्र गोल झाला की जाळ्यातून बॉल असा उचलायचा, जसा काही बॉललाच लागलं आहे.

फोनवर म्हणाला, "गजा, पोट्टे चांगले आहेत रे. पण एक गोल झाला की बसतातच. अर्धा तास उरलेला असो की तासभर, उठत नाहीत. आता कमिटी म्हणते, या रविवारी हरलो तर इथल्या शंकर नगरातला एक शिकलेला कोच आणू. तू येऊन पाह्य ना एकदा."

मी त्याला दोन दिवस ताटकळत ठेवलं. तसा मी मोकळाच होतो. तीस वर्षं मी अजनीच्या मैदानावर बांबूची छडी हातात धरून पोरं तयार केली. गुडघ्यानं बसवलं त्याला तीन वर्षं झाली. त्यातल्या एकानंही येऊन विचारलं नाही की काका, गुडघा कसा आहे. नामदेवचंच घ्या. माझा सगळ्यात चांगला लेफ्ट बॅक. त्याचं सायकलचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. एकदा त्याच्या पायाला लागून बॉल आपल्याच जाळ्यात गेला, तर मी त्याच्या बापासमोर त्याच्या पोटऱ्यांवर छडी ओढली होती. आता त्याचीच पोरं शाळेत जातात, पण मी येताना दिसलो की तो खाली वाकून चाकात हवा भरायला लागतो. चाकात हवा आधीच असते, मले दिसत नाही का? आणि इकडे भास्कर, ज्याला कॉर्नरचा बॉल धरता येत नव्हता, त्याला टीम आहे.

शनिवारी सकाळच्या गाडीनं निघालो. सोबत एक पिशवी संत्री घेतली, हाफ टाइमला पोट्ट्यांना द्यायला. गोंदियापर्यंत सगळं ओळखीचं. पुढे जंगल लागतं, दरेकसाचा बोगदा येतो, आणि डोंगरगडला डोंगरावरचं देऊळ दिसलं की अख्खा डबा हात जोडतो. मीही जोडले. समोरच्या माणसानं विचारलं, बाबा कुठे? म्हटलं, रायपूरला, फुटबॉल शिकवायला. त्यानं माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि शेंगा सोलायला लागला.

रायपूरला उतरून पुरानी बस्तीसाठी ऑटो केला. मी मराठीत बोलत होतो, ऑटोवाला हिंदीत उत्तर देत होता. त्याची आई अमरावतीची, त्याला सगळं समजतं, पण तोंडातून येत नाही म्हणाला. पत्ता सांगितला तर तो म्हणाला, "अच्छा, फुटबॉल वाले बबा के घर." बबा म्हणजे इकडच्या बोलीत आजोबा. मी म्हटलं, त्याचं नाव भास्कर आहे. तो म्हणाला, "वो हमको नहीं मालूम, हम तो बबा ही जानते हैं."

पुरानी बस्तीतल्या गल्ल्या म्हणजे देवळाला वळसा, की पुन्हा देऊळ. ऑटोवाला लांबून चालला होता, म्हणून मी हट्टानं एका बोळात वळवायला लावलं. बोळ पुढे बंद निघाला. मागे घेताना चाक नालीत गेलं, पिशवी फाटली आणि संत्री उतारावर सुटली. दोन बाया ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, हा म्हातारा आंधळा आहे का. पण ऑटोवाल्यानं सांगितलं, पाहुणे बबाकडचे आहेत. मग त्याच बायांनी एकेक संत्रं वेचून, पदरानं पुसून आणून दिलं. सगळी मिळाली, एकही कमी नाही. मले बरं वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं.

भास्कर वाळून गेला आहे. दम लागतो, ब्लड प्रेशरची गोळी चालू आहे. त्याच्या सुनेनं, मंगलानं, फरा (तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या वळ्या) केला होता, सोबत टमाट्याची चटणी. चव चांगली होती, तीनदा घेतला. संध्याकाळी कॉलनीतल्या मैदानावर प्रॅक्टिस पाहायला गेलो. मी खोट शोधत होतो, हे कबूल. पण पोट्टे पळत होते, पास बरोबर पायात देत होते. कॅप्टन टिकेश, वॅगनच्या कारखान्यात वेल्डर, त्याचा डावा पाय तर असा की मी टीममध्ये असतो तर त्याला सोडला नसता. भास्कर कडेला उभा राहून फक्त "बने, बने" (छान, छान) करत होता. मी विचारलं, हे शिकवणं आहे का? तो म्हणाला, "मग अजून काय सांगू?"

रविवारी सकाळी सामना. समोर सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यांतल्या कामगारांची टीम, मांड्या अशा की रुळाचे तुकडे. सुरू व्हायच्या आधी भास्करनं काखेतून एक पितळी डबा काढला. त्यात फुटाणे आणि गूळ. त्याची बायको करून द्यायची, आता तो स्वतः गूळ फोडतो. सगळे पोट्टे रांगेत आले. त्यानं प्रत्येकाच्या हातावर चिमूट चिमूट ठेवली, आणि प्रत्येकानं ती कपाळाला लावून खाल्ली. मीही हात पुढे केला. भास्कर हसला, म्हणाला, "तू खेळून राहिला का?" हसण्यावारी होतं ते. मी हात खिशात घातला.

विसाव्या मिनिटाला सिलतऱ्यानं गोल केला. आणि तेव्हा मी ते पाहिलं. गोल झाला की खेळणारा माणूस जाळ्याकडे पाहतो, नाही तर रेफरीकडे, नाही तर ज्याची चूक झाली त्याच्याकडे. या अकराही पोट्ट्यांनी मान वळवली ती कडेला उभ्या भास्करकडे. भास्कर हात हलवून सांगत होता, काही नाही, काही नाही. पण तोंड त्याचं तेच, चाळीस वर्षांपूर्वीचं, जाळ्यातून बॉल उचलतानाचं. ते तोंड पाहून पोट्टे जे खचले, त्यानंतर त्यांचा एक पास धड गेला नाही. ते सामन्याला घाबरले नव्हते. म्हाताऱ्याला आपण दुखावलं, याचंच त्यांना ओझं झालं होतं.

आमची टीम गोल खाल्ल्यावर का उठायची, तेही मले तिथे उभ्या उभ्या समजलं. तीही कोणाकडे तरी पाहायची. माझ्याकडे, कॅप्टनकडे, आणि माझ्या उगारलेल्या हाताकडे. पुढे मी शिकवलेली पोरंही तशीच पाहायची, कडेला, माझ्या छडीकडे. भीतीनं सामने जिंकलो आम्ही, आणि मी ते आयुष्यभर माझ्या हिमतीच्या नावावर सांगत आलो.

हाफ टाइमला मी संत्री सोलून, फोडी करून पेपरावर मांडली. कोणी पेपराकडे फिरकलं नाही. सगळे भास्करभोवती बसले होते. टिकेशच्या गुडघ्यातून रक्त येत होतं, आणि तो विचारत होता, "बबा, आप बीपी की गोली लिए कि नहीं?" भास्कर म्हणत होता, "हव, हव" (हो, हो). एकजण त्याला टोपीनं वारा घालत होता.

मी भास्करला दंडाला धरून बाजूला नेलं.

"तू जाय इथून."

"कुठं?"

"फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर. मैदानाकडे पाठ करून बस. तुह्यं तोंड पाहून पोट्टे मरून राहिले. हारले तर तुह्यामुळेच हारतील."

मले वाटलं भांडेल. त्यानं फक्त डबा माझ्या हातात दिला आणि निघाला. मध्ये एकदा थांबला, वळेल असं वाटलं, पण वळला नाही.

आता इथे एक गोष्ट साफ लिहितो, कारण नंतर लोकांनी तिचं भलतंच केलं. मले इलाज सुचला होता म्हणून मी त्याला घालवलं नाही. त्याच्याकडे वळणाऱ्या माना मले पाहवत नव्हत्या म्हणून घालवलं.

पोट्ट्यांनी विचारलं, बबा कुठे? मी सांगितलं, गेला. एवढंच. दुसरा अर्धा भाग सुरू झाला. थोड्या वेळानं सिलतऱ्याचा एक बॉल खांबाला लागून बाहेर गेला, तशा अकरा माना पुन्हा कडेला वळल्या. कडेला मी होतो. माझ्या तोंडावर काय होतं कोणाला ठाऊक, पण त्यांना त्याचं काही घेणंदेणं नव्हतं. माना परत वळल्या. टिकेशनं बॉल स्वतः धावत जाऊन आणला. पासष्टाव्या मिनिटाला गोंधळात कोणाच्या तरी गुडघ्यानं बरोबरी झाली.

दुसरा गोल मात्र पूर्ण लिहितो. पाचेक मिनिटं उरली होती. आपल्या गोलकीपरनं बॉल लांब न मारता हातानं उजवीकडे टाकला. तिथून तीन पास, तिन्ही जमिनीवरून, घाई नाही. सिलतऱ्याचे सगळे उजवीकडे सरकले. टिकेश डावीकडे रेषेजवळ एकटाच, गुडघ्यावर रुमाल बांधलेला. बॉल हवेतून त्याच्याकडे आला, त्यानं छातीवर घेतला, एकाला वाटलं मारेल म्हणून तो आडवा पडला, तर यानं मारलाच नाही, एक पाऊल आत घेतलं आणि मग डाव्या पायानं लांबच्या खांबाच्या आतून काढला. गोलकीपर हललासुद्धा नाही. मी बहात्तर वर्षांत असा गोल चार वेळा पाहिला असेल.

शिट्टी वाजली आणि सगळी टीम माझ्या दिशेनं धावत आली. मी काखेत डबा धरून दोन्ही हात उघडले. उघडले खरे. ते माझ्या दोन्ही बाजूंनी निघून गेले, नदीतल्या धोंड्याच्या दोन्ही बाजूंनी पाणी जातं तसे, आणि फाटकातून टपरीकडे.

मी पोचलो तोवर त्यांनी भास्करला बाकासकट उचललं होतं. तो रडत होता आणि सांगत होता, मी काही केलं नाही, हा नागपूरचा मंत्र आहे, गजाचा. कमिटीचे लोक आले, झेंडूचा हार माझ्या गळ्यात पडला. नव्या कोचचं नंतर पाहू म्हणाले. मी हार घालून घेतला. नाही म्हटलं नाही.

गर्दी पांगल्यावर भास्कर म्हणाला, "गजा, मी आता दर सामन्याला टपरीवरच बसतो. तेवढं जमते मले." मग जरा वेळानं, "दुसरा गोल कसा होता रे? टिकेशचा. सांग ना."

त्याच्या टीमचा गोल, पण पाहिला मी होता. त्या सबंध रायपुरात तेवढी एकच गोष्ट माझ्याकडे होती आणि त्याच्याकडे नव्हती.

मी म्हटलं, "डावीकडून आला. गेला."

"बस?"

"बस. गोल तो गोल."

तो मान हलवून चहा पीत राहिला. वर जो गोल लिहिला आहे तो भास्कर, तुझ्यासाठी लिहिला आहे. मंगलाकडून वाचून घे.

दुपारच्या गाडीत त्यानं मले बसवून दिलं. मंगलानं वाटेसाठी चीला (तांदळाच्या पिठाचं धिरडं) बांधून दिला होता. डोंगरगड गेल्यावर तो काढायला पिशवीत हात घातला, तर पितळी डबा लागला. मीच ठेवला होता. चुकून सोबत आला असं मी घरी सांगणार होतो, पण मी तो भास्करच्या घरून निघताना सदऱ्यात गुंडाळून खाली दाबला होता. उघडला. फुटाणे होते, गुळाचे चार खडे होते. खाल्ले नाहीत. समोर एक बाई लेकराला घेऊन बसली होती, तिलाही दिले नाहीत. बोगद्यात अंधार झाला तेव्हा झाकण नीट लावलं आणि डबा मांडीवर धरून बसलो.

गावाला जाऊन आलेला माणूस शहाणा होऊन येतो म्हणतात. मी काही झालो नाही. भास्करचा हेवा मले अजून वाटतो, आणि हे लिहितानाही वाटून राहिला. त्याला टीम आहे, आणि आता ती मागून येऊन जिंकते पण. फक्त एवढंच की अकरा माणसांनी कोणाच्या तोंडाकडे कसं पाहावं, हे मले रायपूरला जाऊन दिसलं. अजनीत राहून दिसलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन गल्लीच्या तोंडाशी गेलो. नामदेवनं मले पाहिलं आणि नेहमीसारखा पंपाकडे वाकला. मी निघालो नाही. बाकावर बसलो, गुडघा सरळ केला, झाकण काढलं आणि मूठ भरून त्याच्यासमोर धरली. तो उठून उभा राहिला. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. आधी छडी शोधावी तसं हाताकडे पाहिलं, नीट, वाकून, दोन्ही हातांकडे.