सासऱ्याच्या हातचं मेण

हिल्मार हा माझा सासरा. तो माझ्या स्कीला मुद्दाम चुकीचं मेण लावतो, असा संशय मला लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळी सुट्टीत आला, आणि पुढे दरवर्षी तो पक्का होत गेला.

मेणाची भानगड थोडक्यात अशी. स्कीच्या तळाला मधोमध मेण घासतात. बर्फाला साजेसं मेण असेल तर चढावर स्कीची फळी बर्फाला धरते आणि माणूस चालल्यासारखा वर जातो. नको तितकं कडक लागलं, की एक पाऊल पुढे आणि दोन मागे. कडाक्याच्या थंडीला हिरव्या डबीतलं कडक मेण, बेताच्या थंडीला निळ्या डबीतलं. आमच्या डोंगरातल्या लाकडी घरात मेणाच्या पेटीला हिल्मारशिवाय कुणी हात लावायचा नाही. तो सगळ्यांच्या आधी उठायचा, बाहेर जाऊन बर्फ मुठीत दाबून बघायचा आणि पडवीत बसून सगळ्या घराच्या फळ्या तयार करायचा.

मग आम्ही टक्कल्यावर निघायचो. टक्कल्या म्हणजे घरामागचा उघडाबोडका डोंगर. माझा मेहुणा स्टेनार रेनडिअरसारखा पुढे पळायचा, त्याच्यामागे माझी बायको योरुन, मग गुणगुणत सासूबाई ओड्नी. सगळ्यांच्या मागे मी, सटकत, धडपडत, घामाघूम. आणि माझ्याही मागे, कैद्यावर पहारा ठेवावा तसा, हिल्मार.

"थांबा ओस्लोकर, दाखवा बघू ती फळी!"

मी ओस्लो सोडून इथे उत्तरेत ट्रोम्सोत येऊन संसार थाटला, मूल इथलं, नोकरी इथली, तरी या माणसाच्या लेखी मी ओस्लोकरच. चढ जरा उभा झाला की त्याची ही हाक आलीच. मग तो पाठीवरची पिशवी खाली ठेवून तिच्यावर बैठक मारायचा. पेटी उघडायची, माझ्या फळीवरचं मेण खरवडायचं, नवं लावायचं, बुचाने घासायचं, फुंकर मारायची, पुन्हा घासायचं. तोंडाने एखादी जुनी गोष्ट चालू. पुढच्या उभ्या चढावर मी पुन्हा मागे, आणि पुन्हा "थांबा ओस्लोकर!"

माझी फजिती जवळून बघायला मिळावी म्हणून तो मागे राहतो, याबद्दल माझी खात्री होती.

हिल्मारने सगळी उमर किनाऱ्याच्या रस्त्यावर बर्फ काढायची गाडी चालवण्यात घालवली. वादळात अडकलेल्या डॉक्टरणीला एका बाळंतिणीपर्यंत पोचवलं, वऱ्हाडं चर्चपर्यंत नेली, शाळेची बस तर रोजचीच. "दमलो" हा शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकलेला नव्हता. दोष नेहमी वस्तूचा. गेल्या शरदात लाकडं अर्धी फोडून ठेवली, तर कुऱ्हाड बोथट. होडी वल्हवायची सोडली, तर वल्ही वाकडी. त्याचा विश्वास कशावरच नव्हता. रेडिओवरचं हवामान, पाकिटातला काटे काढलेला मासा, डॉक्टर आणि जावई, सगळे एकाच माळेचे मणी.

या वर्षी मात्र माझी सहनशक्ती संपली. कारण माझी लेक. इल्वा यंदा दुसरीत. सुट्टीच्या पहिल्या दिवशी जेवताना ती सगळ्यांना सांगत होती, "टक्कल्यावर आजी गाणं म्हणते, मामा जिंकतो आणि पप्पा शेवटी येतो." सगळे हसले. हिल्मारचं हसू सगळ्यात मोठं. पोरीने वाईट मनाने म्हटलं नव्हतं, आणि तेच मला फार लागलं. ठरवलं, या खेपेला माथ्यावरच्या दगडांच्या राशीशी पहिला मी पोचणार, माझ्या लेकीला घेऊन.

तयारी करूनच आलो होतो. ट्रोम्सोच्या दुकानातून निळ्या मेणाची डबी आणली होती आणि मोज्यात दडवली होती. सकाळी उठून पडवीच्या दाराच्या फटीला डोळा लावला. हिल्मारने सगळ्यांच्या फळ्यांना निळं मेण लावलं. एक जोडी झाली की तो पालथ्या खोक्यावर बसून राही, गुडघ्यांवर हात टेकून, खाली बघत. डाव शिजतोय, मी मनात म्हटलं. मग त्याने माझी जोडी घेतली, इकडेतिकडे पाहिलं आणि हिरवी डबी उघडली.

मी तडक योरुनला उठवलं.

"तुझ्या बापाला आज रंगेहाथ पकडलं. मला एकट्याला हिरवं लावलं!"

"अरे, मेणाचं कसलं राजकारण करतोस सकाळी सकाळी? जाऊन विचार ना त्यांना."

"चोराला विचारू, बाबा रे, चोरी केलीस का म्हणून?"

"मग गप वॅफल खा."

निघाल्यावर बर्चच्या झाडीत लघवीचं निमित्त करून मी मागे राहिलो. हिरवं खरवडून काढलं, निळं घासलं. आणि काय सांगू, फळी बर्फाला अशी धरायला लागली की मला स्वतःचाच हेवा वाटला! सासूबाईंना मागे टाकलं, बायकोला टाकलं. पुढे इल्वा मामाबरोबर होती.

"मामा, बघ! पप्पा आला!"

"ओस्लोकराला आज काय चावलंय?" स्टेनार ओरडला.

पहिला उभा चढ लागला तेव्हा खालून हाक आली. "थांबा ओस्लोकर! दाखवा बघू ती फळी!"

"धरतेय, बाबा! मस्त धरतेय!" मी मागे न बघता ओरडलो.

पुन्हा हाक आली, जरा बारीक आवाजात. चोर घाबरला, मी म्हटलं, आणि वेग वाढवला.

राशीला पहिला हात इल्वाचा लागला आणि दुसरा माझा. ती माझ्या गळ्यात पडली. आम्ही संत्रं सोललं, कोको ओतला. स्टेनार आला, योरुन आली, सासूबाई आल्या. त्यांनी मागे वळून उतारावर नजर टाकली.

"हिल्मार कुठाय?"

"येत असतील मागून," मी म्हणालो.

"तुम्ही आज वाटेत थांबला नाहीत?"

"फळी सटकलीच नाही, मग थांबायचं कशाला?"

सासूबाई पुन्हा उताराकडे बघू लागल्या. त्यांच्या हातातला कोको तसाच राहिला. मला ते बघणं आवडलं नाही. मी स्की चढवल्या आणि खाली निघालो.

तो पहिल्या उभ्या चढाच्या वळणावर होता, आम्ही दरवर्षी जिथे पहिल्यांदा थांबायचो तिथेच. पिशवीवर बसला होता. टोपी काढलेली, चेहरा राखेसारखा, पेटी मांडीवर उघडी. एक हात कोटाच्या आत छातीवर होता. मला बघताच तो हात त्याने झटकन बाहेर काढला आणि एक डबी उचलली.

तेव्हा मला सगळी वळणं आठवली. थांबायची एकूण एक जागा उभ्या चढावरच होती. गोष्ट संपायची तेव्हा त्याचा श्वास जागेवर आलेला असायचा. म्हाताऱ्याला माझी फजिती नको होती, बसायला निमित्त हवं होतं. आज ते मी खरवडून टाकलं होतं. तो इथेच आडवा झाला असता तर? मला स्वतःचा भयंकर राग आला.

"काय लावलंत फळीला?" त्याने दटावून विचारलं. आवाजात जोर नव्हता.

मी बर्फात बसलो आणि स्की काढून त्याच्यापुढे धरल्या. "दुकानातलं कसलं तरी मेण, बाबा. वर पोचेपर्यंत उडून गेलं सगळं. बघा ना जरा."

त्याने फळी उलटी केली. निळं मेण जसंच्या तसं होतं, डबीत असतं तसं. त्याने ते पाहिलं. मग पाकिटातला मासा बघतो तसं माझ्याकडे बघत राहिला. मी नजर हलवली नाही.

"ओस्लोकरांना मेणातलं कळत नाही," तो शेवटी म्हणाला आणि खरवडायला लागला.

सावकाश चाललं होतं. डॉक्टरणीची गोष्ट सुरू झाली. ती मला पाठ आहे, तरी मधे मी विचारलं, "मग गाडी बंद पडली तेव्हा काय केलंत?" त्याने ते परत पहिल्यापासून सांगितलं. गालांवर थोडा रंग आला. मग त्याने हिरवी डबी उचलली आणि माझ्याकडे न बघता दोन्ही फळ्यांना भरपूर लावलं.

आम्ही निघालो. एक पाऊल पुढे, दोन मागे.

"पप्पा पुन्हा शेवटी!" वरून इल्वा ओरडली.

"काय करू ग, तुझ्या आजोबांचं मेण!"

मागे हिल्मार खुसखुसला. पुढच्या चढाच्या तोंडाशी मी त्याच्या हाकेची वाट न बघता थांबलो.

"बाबा, सुट्टी संपली की माझ्याबरोबर ट्रोम्सोला डॉक्टरकडे याल का? गुडघा दाखवायचाय. एकट्याला तिथे बसायचा कंटाळा येतो."

त्याने पिशवी खाली ठेवली, तिच्यावर बसला आणि बराच वेळ माझ्या गुडघ्याकडे संशयाने बघत राहिला.

"कुठला?" त्याने विचारलं.

"दोन्ही."

"तुम्हा ओस्लोकरांचे गुडघेच कच्चे," तो म्हणाला. "येतो. दाखवा आता ती फळी."