साळखात्यातली बातमी

ग्लेनिस ऑर्मरॉडचं नाव आता सिनेमावरच्या जाडजूड पुस्तकांत सापडतं. सात चित्रपट आणि त्यांना मिळालेली बक्षिसं तिथे ओळीने छापलेली असतात. इंग्लंडमधल्या आमच्या नेल्सन गावात मात्र कुणालाही विचारा, लोक सांगतील, "ॲलिसची मुलगी. पहिल्या खेळाला तिने आम्हाला हसवलं आणि दुसऱ्याला गप्प केलं." शेवटचं वाक्य म्हणताना माणसं जरा ताठ बसतात.

ॲलिस कापडगिरणीच्या साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, चार माग सांभाळायची. एका छपराखाली पाचशे माग धडधडत असताना घशातून आवाज काढून उपयोग नसे. म्हणून बायका नुसत्या ओठांनी बोलत. शब्द पुरता घडवायचा, पण आवाज काढायचा नाही. समोरची चार माग पलीकडून तो वाचायची. बाळंतपणं, भांडणं, रविवारचं मटण, सगळं तसंच चालायचं. ग्लेनिस पंधराव्या वर्षी तिथेच कामाला लागली. दोन वर्षांनी ती मँचेस्टरला टेलिव्हिजनच्या कचेरीत टायपिस्ट झाली, मग संकलनाच्या खोलीत शिरली, मग माहितीपट करू लागली. तिचा पहिला मोठा चित्रपट आला १९७३ साली, तेव्हा ती पस्तिशीची होती. त्यातल्या विणकर बाईला माग चालू असतानाच नवरा गेल्याचं कळतं.

मुख्य काम करायला रोझलिंड पेनहेल नावाची लंडनची नटी आली. तिच्या मागच्या मागांवर ग्लेनिसने आमच्याच जुन्या विणकर बायका उभ्या केल्या. त्यांना सांगितलं, "काम करत राहा, आपसात बोलत राहा. वरून मागांचा आवाज टाकणार आहोत, तुमचं काही ऐकू येणार नाही."

लंडनच्या आधी चित्रपट नेल्सनला दाखवायचा, हा तिचा हट्ट होता. निर्माते पार्जिटरसाहेब नाखुशीनेच आले. थिएटर भरलं होतं. मी आईबरोबर चौथ्या रांगेत होते. पडद्यावर मुकादमाने रोझलिंडच्या कानाशी तोंड नेऊन बातमी ओरडून सांगितली. हातात धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा नेणारा लाकडी तुकडा, धरून ती रडू लागली. आणि अख्खं थिएटर खो खो हसलं.

पडद्यावर तिच्या मागे उभी असलेली नेली मावशी, ॲलिसची साळखात्यातली जुनी सोबतीण, शेजारच्या आयव्हीला म्हणत होती, "धोटा बघ कसा धरलाय! लग्नाच्या केकचा तुकडाच जणू."

"रडू दे गं," आयव्ही म्हणत होती, "धागा तुटला असेल बिचारीचा."

त्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. पण थिएटरातल्या निम्म्या लोकांचं आयुष्य साळखात्यात गेलं होतं.

खेळ संपल्यावर पार्जिटरसाहेबांना कुणीतरी हसण्याचं कारण सांगितलं, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. "एवढंच ना? लंडनमध्ये ओठ कोण वाचतंय! आहे तसं जाऊ दे, ग्लेनिस."

ग्लेनिस घरी निघाली. संकलनाच्या टेबलावर तिने ते दृश्य शंभरदा पाहिलं होतं. नटीचा चेहरा पाहिला, उजेड पाहिला. मागचे ओठ एकदाही वाचले नव्हते. विणकर बाईची मुलगी, आणि हे तिच्याच नजरेतून सुटलं.

घरी ॲलिस चहा ओतत होती. मागांनी तिचे कान केव्हाच नेले होते. ती मोठ्याने बोले.

"आई, तू हसली नाहीस."

"मी त्या मुकादमाकडे बघत होते. असं कानात कुणी ओरडत नाही गं."

"मग बाबांचं तुला कसं कळलं?"

दगडाच्या खाणीत वडील गेले तेव्हा ग्लेनिस नऊ वर्षांची होती. हा प्रश्न तिने आज पहिल्यांदा विचारला.

"कारकून दारात आला. त्याने पहिल्या मागावरच्या बाईला सांगितलं, तिने पुढचीला. बातमी माझ्याकडे येत होती आणि माझी पाठ होती." ॲलिसने किटली खाली ठेवली. "नेली आली. तिने आधी माझे माग थांबवले. एक, दोन, तीन, चार. दुसरीच्या मागाला कुणी हात लावत नाही, ग्लेनिस. चौथा थांबला तेव्हाच मला कळलं."

दुसऱ्या दिवशी ग्लेनिसने ते दृश्य नव्याने करायची परवानगी मागितली. पार्जिटरसाहेब म्हणाले, "चित्रीकरणाला एक दिवस देतो. बिघडलं तर जुनंच राहील."

रोझलिंडला नेली मावशीने आठवडाभर शिकवलं. धोट्याच्या भोकाला ओठ लावून श्वासाने धागा ओढून घ्यायचा. "लाव गं तोंड, चावत नाही तो. अगं, मुका देतेयस की सूप पितेयस?" पण माग थांबवायला ग्लेनिसने नेली मावशीलाच कॅमेऱ्यापुढे बोलावलं, तेव्हा मावशीचं हसू गेलं.

"तुझ्या आईचे माग मी एकदा थांबवलेत, पोरी. पुन्हा लावू नकोस थांबवायला."

"दुसरीला जमणार नाही, मावशी."

नेली मावशीने बराच वेळ ॲप्रनला हात पुसले आणि मागांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

त्या दृश्यामुळे चित्रपटाला पुढे परदेशातल्या मोठ्या महोत्सवात पहिलं बक्षीस मिळालं, आणि सिनेमा शिकणारी मुलं अजून ते पाहतात. आम्ही ते सगळ्यांच्या आधी पाहिलं, आमच्या थिएटरात. दारापासून ओठांवरून ओठांवर बातमी निघाली. थिएटरातली प्रत्येक बाई ती वाचत होती. नेली मावशीने चार माग थांबवले. मग ती रोझलिंडसमोर जाऊन उभी राहिली. आम्हाला दिसत होती फक्त तिची पाठ. ती काय बोलली हे आमच्यातल्या कुणालाही वाचता आलं नाही. ग्लेनिसने कॅमेरा तसाच ठेवला होता.

कुणी खोकलंसुद्धा नाही. पार्जिटरसाहेब मागे वळून आमचे चेहरे बघत होते.

दिवे लागल्यावर ॲलिस आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात अख्ख्या थिएटरला ऐकू जाईल असं म्हणाली, "हां. असंच झालं होतं."