सासूबाईंचा उपास

आमची ख्रिस्ती मंडळी सासूबाईंच्या ओटीवर सुरू झाली. पनवेलची पाच-सहा घरं, एक बाजाची पेटी आणि दर रविवारी पाळकसाहेब. मग आपट्याला काही कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला, मग करंज्याला, मग उरणच्या वाटेवरच्या दोन गावांत. भाताला तांदूळ काढताना आम्ही बायका एक मूठ मडक्यात बाजूला टाकायचो. ते तांदूळ नव्या गावांच्या कामाला जात. सासूबाईंची मूठ सगळ्यांत मोठी असे. पण पाळक एकच. गावं वाढली तसे ते आमच्याकडे महिन्यातून एकदा येऊ लागले.

एका वर्षी पावसाळा सरल्यावर सासूबाईंनी अंथरूण धरलं. त्यांना एकच हवं होतं, जाण्याआधी प्रभुभोजन, येशूच्या नावानं भाकरीचा घास आणि द्राक्षरसाचा घोट. ते देण्याचा अधिकार पाळकांनाच. आमचे हे गाणी सांगत, प्रार्थना करत, एवढंच. पाळकसाहेब तेव्हा करंज्याला होते. तिथून सुकी मासळी विकायला येणाऱ्या बाईबरोबर ह्यांनी निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी तिनेच उत्तर आणलं, उद्या येतो.

ते यायच्या दिवशी सकाळी मी पेज नेली तर सासूबाईंनी वाटी सारली.

"देवाचा घास रिकाम्या पोटी घ्याचा."

"आई, आपल्यात असा नियम नाय," हे म्हणाले.

"तुमच्यात नसंल. मी एकादशी सोडली, लाज नाय सोडली. येशूच्या ताटावर भरल्या पोटानं बसू?"

पाळकसाहेब आले नाहीत. करंज्याला आणखी एक घर बाप्तिस्म्याला तयार झालं होतं. दुसऱ्या दिवशीही सासूबाई पाण्याशिवाय काही घेईनात. मी वाटी घेऊन नुसती बसून राहायची.

"अशानं मरशील तू," हे चिडून म्हणाले.

"मंग पालकाला सांग, पाय उचल. करंज्याच्या कोलनींनी मासली वाढून बसवला आसंल त्याला." त्या स्वतःच हसल्या आणि खोकत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आत त्या गेल्या.

माती दिल्यावर पाळकसाहेब आले. ओटीवर मान खाली घालून बसले. फार वाळले होते. त्यांच्यावर राग धरावा तर तेही होईना. म्हणाले, पेणकडून दोन गावांनी बोलावलं आहे. तुम्ही पनवेलकर आता जुने झालात, तुमचं तुम्हाला सांभाळता येईल. मी तीन महिन्यांनी येत जाईन.

मी दाराआड उभी होते. ह्यांनी विचारलं, "आणि कोणी अंथरुणाला खिळलं तर?"

"निरोप पाठवा," ते म्हणाले, आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठले.

त्यानंतर मंडळीतली आणखी माणसं गेली. प्रत्येकाचा निरोप वेळेत धाडला होता.