अप्पांच्या पेटीतले सूर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल. पुण्यात ओळखीच्या माणसाला काही सांगणं म्हणजे चौकातल्या फळ्यावर लिहून ठेवणं.

मी पेटी वाजवतो. बरी वाजवतो. हे ‘बरी’ मी तीस वर्षं ऐकत आलोय. कार्यक्रम संपला की लोक गायकाच्या पाया पडणार, तबलजीच्या पाठीवर थाप मारणार, आणि माझ्यापाशी येऊन म्हणणार, “हात चांगला आहे हो तुमचा. पेटी मात्र जरा बरी घ्या.” ऐकून ऐकून मला ते पटलं. दोष हातात नाही, पेटीत आहे — कुणाला नाही पटणार?

बरी पेटी अप्पांकडे होती. अप्पा म्हणजे माझे गुरू. सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहायचे, आणि शहरातले मोठे गायक त्यांची साथ मिळावी म्हणून तारीख पुढे ढकलायचे. त्यांच्या पेटीत जुने जर्मन सूर होते. सूर म्हणजे आतल्या पितळी पट्ट्या. त्यांच्यातून हवा गेली की आवाज येतो. पेटीचं लाकूड बदलता येतं, भाता बदलता येतो. तसे सूर आता कुणी बनवत नाही. त्यामुळे अप्पा पेटी कुणाच्या हाती द्यायचे नाहीत. दुरुस्तीला नेली तर कारागिरासमोर स्टूल टाकून बसायचे, पेटी पुन्हा बंद होईपर्यंत. आम्ही शिष्य हसायचो. मी जरा जास्तच हसायचो.

सहा-सात वर्षांपूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही. नेमका तेव्हाच भात्यातून हवा जायला लागली. मला दुरुस्ती येते — त्यांनीच शिकवली. म्हणाले, “सुधीर, तू घेऊन जा. तुझ्याकडे आहे म्हणजे माझ्याकडेच आहे.”

पेटी मांडीवर घेऊन रिक्षाने धायरीला घरी आलो. भाता दोन दिवसांत दुरुस्त झाला. मग — इथे मी नेहमी अडखळतो, मनातल्या मनात सांगतानासुद्धा.

माझी पेटी त्याच कारागिराची, त्याच मापाची. बायको ऑफिसला गेल्यावर मी दोन्ही पेट्या उघडून शेजारी शेजारी ठेवल्या. नुसतं बघायला, असं स्वतःला सांगितलं. एका सुराला दोन स्क्रू. चौऱ्याऐंशी सूर. मोहाचा क्षण वगैरे म्हणतात ना? तसं काही नव्हतं. तीन दुपारी लागल्या. प्रत्येक स्क्रूपाशी थांबता आलं असतं. मी जेवायला उठायचो, हात धुवायचो आणि परत येऊन बसायचो. त्यांचे सूर माझ्या पेटीत, माझे त्यांच्या पेटीत. दोन्ही नीट लावून घेतले, सुरात एका केसाचाही फरक ठेवला नाही. काम उत्तम झालं. त्याचा मला अभिमानसुद्धा वाटला, हेही सांगून टाकतो.

पेटी परत दिली तेव्हा अप्पांनी षड्ज धरला. धरूनच बसले. भाता हळू केला, जोरात केला, वरच्या सप्तकात गेले, खाली आले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “सुधीर, तुला काही फरक वाटतो का रे?”

चोरी मघाशी सांगून झाली. ती सोपी होती. हे अवघड आहे.

मी म्हणालो, “नाही अप्पा. पहिल्यासारखीच वाजतेय.”

त्यांनी माझ्यावर संशय घ्यायला हवा होता. पेटी उघडली असती तर सुरांवरून बोट फिरवूनच कळलं असतं, हे आपले नाहीत. पण माझ्यावर संशय घेण्यापेक्षा त्यांनी स्वतःच्या कानांवर घेतला. ज्या कानांवर उभा जन्म काढला, त्यांच्यावर.

कानाच्या डॉक्टरकडे मीच घेऊन गेलो. काचेच्या खोलीत अप्पा कानांना हेडफोन लावून बसले होते, आवाज आला की बटण दाबायचं. परीक्षेला बसलेल्या मुलासारखं दाबत होते. डॉक्टर म्हणाले, “वयाच्या मानाने छान आहे हो.” अप्पा जिना उतरताना म्हणाले, “वयाच्या मानाने म्हणजे गेलेच की.” मी त्यांचा हात धरला होता. तिथेही बोलता आलं असतं, नाही का?

हळूहळू त्यांनी कार्यक्रम घेणं बंद केलं. ज्याला स्वतःची पेटी ओळखू येत नाही, त्याने दुसऱ्याच्या गाण्यात लुडबुडू नये, म्हणायचे. शिकवताना तंबोरा लावून झाला की मला हाक मारायचे, “बघ रे लागलाय का. माझा काही भरवसा नाही.” तंबोरा लागलेलाच असायचा. दर वेळी. मी तरीही कान देऊन ऐकल्यासारखं करायचो.

त्यांच्या जागी बोलावणी मला यायला लागली. गेलो. एका कार्यक्रमानंतर एक गृहस्थ मुद्दाम स्टेजजवळ आले. “पेटी बदललीत वाटतं? काय गोड वाजते हो तुमची पेटी!” पेटी. हाताबद्दल या वेळी काहीच बोलले नाहीत.

गेल्या वर्षी अप्पा गेले. महिन्याभराने काकूंचा, म्हणजे अप्पांच्या बायकोचा, फोन आला. मुलगी, वैशाली, वडिलांची आठवण म्हणून पेटी हडपसरला नेणार होती. त्याआधी मी एकदा बघून द्यावी. मी ती घरी आणली आणि सगळे सूर परत बसवले. पुण्य वगैरे मनात होतं म्हणाल, तर नाही. भीती होती. अप्पांनी पेटी उघडून पाहिली नाही, पण दुसरा एखादा जाणकार पाहील, ही भीती. आता ती पेटी कुणीही उघडावी, आत काहीही वावगं सापडणार नाही.

पोहोचवायला गेलो तेव्हा वैशालीने तिथेच बसून सारेगम वाजवलं. तिसऱ्या-चौथ्या सुरालाच तिचे डोळे भरून आले. “आई, अगं अगदी तोच आवाज! मी लहानपणी ऐकायचे ना, तोच.”

काकू स्वयंपाकघरातून पोह्यांच्या बशा घेऊन आल्या. “मग? पेटीला काय धाड भरलीय? यांचेच कान गेले होते. शेवटपर्यंत म्हणत राहिले, पेटीचा आवाज गेला, आवाज गेला. माझाही थोडा विश्वास बसला होता गं.” माझ्या हातात बशी देत त्यांनी विचारलं, “काय रे सुधीर? कानच गेले होते ना यांचे?”

“हो, काकू,” मी म्हणालो.

पोहे संपवले, बशी आत नेऊन ठेवली आणि निघालो.