बेमालूम जोड

त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण कॉलेजात सगळे त्याला बेमालूम म्हणत. शब्द त्याचाच. फाटलेलं पुस्तक दुरुस्त करून तो ग्रंथपाल बाईंच्या टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, "बघा बाई. बेमालूम." बाई पुस्तक उलटसुलट करायच्या. जोड सापडायचा नाही. मग तो शीळ घालत खाली यायचा.

बांधणीची खोली ग्रंथालयाच्या खाली होती. दोन टेबलं, पानं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा, कापायचं यंत्र, खळीचं पातेलं आणि आम्ही दोघं. मासिकांचे गठ्ठे बांधायचं काम माझ्याकडे, पुस्तकांची दुरुस्ती त्याच्याकडे. कामचोर बाइंडर मला खळीवरून ओळखता येतो. तो खळ पातळ करतो, कारण पातळ खळ लवकर पसरते. पुस्तक मात्र वर्षभरात सुटतं. बेमालूमची खळ घट्ट असायची आणि ती तो बोटाने लावायचा, ब्रशने नाही. ब्रशला कळत नाही कागद किती तहानलेला आहे, असं म्हणायचा. शिकंज्यातून पुस्तक वेळेआधी काढलेलं मी कधी पाहिलं नाही. बाई घाई करायच्या तेव्हा म्हणायचा, "बाई, ऑपरेशन झालंय, टाके तर सुकू द्या."

खोट एकच होती. कोणाला काही विचारायचं म्हणजे त्याला कमीपणा वाटे.

राज्यशास्त्राची पुस्तकं आमच्याकडे सगळ्यात जास्त येत. त्यातही अमेरिकेच्या राजकारणाची. विटेसारखी जाड, गुळगुळीत कागदाची, आणि पाठ नुसती सरसाने चिकटवलेली. शिलाईचा एक टाका नाही. मुलं ती उघडी करून पालथी टाकायची, उशाला घ्यायची, एकमेकांच्या डोक्यात घालायची. परीक्षा जवळ आली की पाठ मोडून पानं हातात यायची. बेमालूम म्हणायचा, "यांचा अध्यक्ष चार वर्षं टिकतो, पुस्तक चार महिने टिकत नाही."

आम्हा दोघांनाही इंग्रजी वाचता येत नव्हतं. नाव ताडून बघायचं आणि पानांचे आकडे लावायचे, एवढंच जमायचं. तेवढ्यावर काम चालायचं. खोलीत एक जुनी रीत होती, आमच्या आधीच्या बाइंडरांपासूनची. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती बाद झाल्या, की दोन्हींतली चांगली पानं घेऊन एक पुरी प्रत करायची. पुस्तक महाग, परत मागवायला वर्ष जायचं, त्यामुळे बाईही खूश. या कामात बेमालूमचा हात कोणी धरला नसता.

एकदा वरच्या मजल्यावरचा नळ फुटला आणि राज्यशास्त्राचं एक कपाट भिजलं. त्यात अमेरिकेच्या राज्यकारभाराचं निळं जाड पुस्तक होतं. त्याचा पुढचा अर्धा भाग लगदा झाला, मागचा अर्धा कोरडा राहिला. तेच पुस्तक आणखी एक पडून होतं. त्याचा मागचा भाग कोण्या पठ्ठ्याने ब्लेडने कापून नेला होता, बहुतेक ओझं नको म्हणून. बेमालूमने दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. नाव तेच, रंग तोच. एकात प्रकरण जिथं संपत होतं, बरोबर त्याच्या पुढच्या आकड्यापासून दुसऱ्यात नवं प्रकरण सुरू होत होतं. आकड्याला आकडा लागला.

एक गोष्ट लागत नव्हती. एक भाग दुसऱ्यापेक्षा दोराभर जास्त रुंद होता. एका छापाची पुस्तकं रुंदीला सारखी असतात, हे बाइंडरच्या कामात पहिल्या महिन्यात कळतं. तिथं थांबून वर जायचं आणि बाईंना विचारायचं, एवढंच काम होतं. जिना चढायचा होता. पण हाताशी कापायचं यंत्र होतं. त्याने दोन्ही भाग एकत्र दाबले, कड कापली आणि सारखी केली. ती दोऱ्याएवढी पट्टी केराच्या टोपलीत गेली.

ती दोन वेगळ्या आवृत्त्यांची पुस्तकं होती. तिकडे निवडणूक झाली की हे पुस्तक नव्याने निघतं, हे आम्हाला पुढे कळलं. नाव, लेखक, रंग काहीच बदलत नाही. आतली माहिती बदलते. बेमालूमने नव्या पुस्तकाच्या पुढच्या अर्ध्याला जुन्याचा मागचा अर्धा लावला होता. आणि जोड असा, की बाईंना सापडला नाही.

पुढच्या वर्षी एके दुपारी एक मुलगी खाली आली. एम.ए.ला होती, राज्यशास्त्राला. वाचनालयात सगळ्यात आधी यायची आणि दिवे बंद करायला गेलं की उठायची, म्हणून आम्हाला माहीत होती. चष्मा पुसत दारातच उभी राहिली.

"काका, निळं जाड पुस्तक इथं आलंय का? अमेरिकेच्या राज्यकारभाराचं. पाठीवरचा नंबर निघाला होता म्हणून खाली पाठवलंय म्हणे."

"एवढी घाई कसली? पुस्तक काय अमेरिकेला पळून चाललंय?" बेमालूम म्हणाला.

ती हसली नाही. "सर म्हणतात, मी आकडे मनाने रचलेत."

"कसले आकडे?"

"माझ्या प्रबंधातले. त्या पुस्तकात एक चमत्कार आहे, काका. पुढच्या भागात लिहिलंय, तिकडे मतदान वाढत चाललंय. मागच्या भागात तक्ता आहे, तो दाखवतो घटत चाललंय. एवढं मोठं पुस्तक, जगभर शिकवतात, आणि स्वतःशीच भांडतं! कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, मी पकडलं. सगळा प्रबंध त्याच्यावर उभा केला. पाठ्यपुस्तकं किती बेफिकीर असतात म्हणून."

"मग?"

"मग सरांनी स्वतःची प्रत उघडली. कपाटातली दुसरी उघडली. दोन्हींत माझा तक्ताच नाही. आता मी खोटारडी ठरलेय. उद्या सकाळी विभागात बोलावलंय. मी वाचलेली प्रत दाखवली नाही तर प्रबंध रद्द आणि माझं नावही काढणार."

पुढचा भाग आणि मागचा भाग, असं ती म्हणाली तेव्हाच बेमालूमचा खळीचा हात थांबला होता. पुस्तक त्याच्या डाव्या कोपराखाली होतं.

"बघतो," तो म्हणाला. "ढीग मोठा आहे."

"मी शोधू का?"

"नको पोरी, हात बरबटतील. सापडलं की वर पाठवतो."

ती गेली. मी दोरा ओवत होतो, तो खाली ठेवला.

"तुझ्या कोपराखाली होतं."

"होतं."

"मग?"

"उद्या देऊ."

"आज का नाही?"

"तू तुझी मासिकं बांध."

त्याने पुस्तक उघडलं, बंद केलं, परत उघडलं. मग इतर पुस्तकांच्या मधे घालून शिकंज्यात ठेवलं आणि चाक आवळलं. नंबराची चिठ्ठी चिकटवायला शिकंजा लागत नाही. कोपऱ्यात रद्दीचं पोतं होतं. त्याने एकदा तिकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी नजर काढली नाही.

त्या संध्याकाळचं वहिनींनी मला पुढे सांगितलं. तो घरी आला तो थेट बाजेवर बसला, चपला पायातच. वहिनी म्हणाल्या, "अहो, काय झालं? पुठ्ठा उलटा चिकटवलात की काय?" एरवी अशा बोलण्यावर तो ताडकन उत्तर द्यायचा. त्या दिवशी म्हणाला, "जोड दिसला असता तर बरं झालं असतं." वहिनींना काही समजलं नाही. "तुम्हीच तर वर्षानुवर्षं सांगताय, दिसला नाही पाहिजे म्हणून," त्या म्हणाल्या. त्यावर तो भिंतीकडे तोंड करून पडला.

सकाळी तो माझ्या आधी आला होता. शिकंजा मोकळा होता, पुस्तक त्याच्या हातात.

"चल वर."

"मी कशाला?"

"एकटा गेलो तर जिन्यातून परत फिरेन."

विभागप्रमुख म्हणजे तिचे सरच. त्यांच्या खोलीत ग्रंथपाल बाई होत्या आणि ती मुलगी खुर्चीच्या टोकावर बसली होती. बेमालूमने पुस्तक टेबलावर ठेवलं. ती झेपावलीच. न बघता पान काढलं आणि सरांपुढे सरकवलं. "हा बघा तक्ता. हा बघा!"

सरांनी वाचलं. पुढची पानं काढली, तीही वाचली. स्वतःची प्रत शेजारी ठेवून ताडून पाहिली. "आहे खरा," ते म्हणाले. "पण हे असं छापलं कसं?"

"छापलेलं नाही सर," बेमालूम म्हणाला. "दोन पुस्तकं आहेत ती. मी जोडलीत."

"कुठं?"

बेमालूमने पुस्तक हातात घेतलं. पानं चाळली. पुन्हा चाळली. जोड त्यालाही दिसेना. मग त्याने डोळे मिटले आणि अंगठा पाठीवरून फिरवत नेला. एका जागी थांबला, खिशातला सुरा काढला आणि पाठ उभी चिरली. दोन भाग टेबलावर वेगळे पडले. त्याने केलेलं पुस्तक त्यानेच कापताना मी पहिल्यांदा पाहिलं.

सरांनी दोन्ही कडा उजेडात धरल्या. "कमाल आहे हो! सांगूनसुद्धा कळलं नसतं. काय हात आहे तुमचा!" बाईही म्हणाल्या, "आमचा बेमालूम आहेच तसा."

"सर, कौतुक नको," तो म्हणाला. एवढंच. त्याचे कान लाल झाले होते. शिव्या घातल्या असत्या तर तो ताठ उभा राहिला असता.

मुलगी दोन्ही भागांकडे बघत होती. "म्हणजे पुस्तक भांडत नव्हतंच," ती हळूच म्हणाली.

सरांनी तिच्यावरचा आरोप मागे घेतला, तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर. पण प्रबंध उभा राहणार नव्हता. मुद्दाच राहिला नव्हता. नव्याने लिहायला तिला पुढचं वर्ष दिलं. ती मान हलवत राहिली. मग बेमालूमकडे वळली.

"काका, काल मी खाली आले तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

खोटं बोलायला जागा होती. मी सोडून कोणाला ठाऊक नव्हतं.

"हो," तो म्हणाला.

"पुस्तक तिथंच होतं?"

"हो."

"तुमच्याकडून गेल्यावर मी घरी फोन केला. बाबांना म्हटलं, मला खोटारडी ठरवतायत. ते निघालेत. रजा मिळत नव्हती, तरी निघालेत."

आम्ही जिना उतरलो. बेमालूम खोलीत आला नाही. तो फाटकाशी जाऊन उभा राहिला. मी एका गठ्ठ्याची शिलाई संपवली आणि त्याच्याजवळ गेलो. म्हटलं, "तुला कसं कळणार कोण ते?" म्हणाला, "कळेल."

कळलं. दुपारी एक गृहस्थ आले, कारखान्याच्या कपड्यांतच, हातात पिशवी. फाटकातून आत येताना पाय उचलवत नव्हता त्यांना. बेमालूम पुढे झाला. आधी म्हणाला, "पोरीवरचा डाग गेला, काळजी करू नका." मग सगळं सांगितलं. रुंदीचं, कड कापल्याचं, कोपराखालच्या पुस्तकाचं. काही वगळलं नाही. मी शेजारी होतो, कुठं काही सोडतो का ते ऐकत होतो.

त्या गृहस्थांनी पिशवी खाली ठेवली. "चूक होते," ते म्हणाले. "आमच्या यंत्रावरही होते. पण काल तिला सांगायला काय झालं होतं?"

"लाज वाटली."

"आणि तिची गेली ती?"

ते गृहस्थ पिशवी उचलून आत गेले. ओरडले नाहीत, हात उगारला नाही. बेमालूम कितीतरी वेळ तिथंच उभा होता. फाटकाच्या पहारेकऱ्याने विचारलं, "काय बेमालूम, कोण पाहुणे आले?" तेव्हा तो वळला आणि खोलीकडे चालू लागला.

त्यानंतर तो पुस्तकं जोडायचा, पण जोडाच्या जागी लाल कागदाचं एक पान घालायचा. सुंदर पुस्तक, आणि मधे लाल जखम. आधी बाईंना विचारून यायचा, दोन्ही एकच आहेत का. जिना चढताना धाप लागायची तरी जायचा. नंतर आलेल्या ग्रंथपालांना तो कागद आवडला नाही. "डोळ्यांत खुपतो हो. काढा ना." तो म्हणाला, "खुपू द्या." खळ पूर्वीसारखीच घट्ट असायची. शीळ गेली.

ती मुलगी पुढच्या वर्षी पास झाली, चांगल्या मार्कांनी. खाऊचा पुडा घेऊन खाली आली. जिन्यावर तिची पावलं ऐकू आली आणि बेमालूम मागच्या दाराने बाहेर. "काका कुठं आहेत?" तिने विचारलं. "बाहेर गेलेत," मी म्हणालो. तिने मागच्या दाराकडे पाहिलं, ते अजून हलत होतं. "त्यांना सांगा, मी रागावलेली नाही." मी सांगितलं. तो म्हणाला, "ती नसेल रागावली." पुडा मीच संपवला. त्याने हात लावला नाही.

नावातून मात्र त्याची सुटका झाली नाही. नवी मुलं आली, त्यांना कशाचा पत्ता नव्हता, तीही "ओ बेमालूम!" म्हणून हाक मारायची. तो ओ द्यायचा, पण मान वर न करता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी निरोपाच्या भाषणात सरांनी त्याच शब्दावर त्याचं कौतुक केलं. टाळ्या पडल्या. तो हारासकट खुर्चीत आक्रसून बसला होता.

आता दोघंही घरी असतो. संध्याकाळी मी त्याच्याकडे जातो. पहिल्यांदा गेलो तेव्हा अंगणातून त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली. तो दारात आला, मला पाहिलं, आणि हाक मारणारं माझ्या मागे कोण आलंय म्हणून वाकून बघू लागला.