माझ्या नावाचं गाऱ्हाणं

प्रयोगशाळेत वाढवलेला गर्भ बायकोच्या गर्भाशयात सोडून झाल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता चौदा दिवस थांबायचं. चौदाव्या दिवशी रक्त तपासू." आमचं लग्न होऊन अकरा वर्षं झाली होती. मी चव्वेचाळीसचा, बायको एकोणचाळीसची. ही शेवटची खेप, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. देवावर माझा विश्वास आहे, पण त्या दिवसांत देव्हाऱ्यापुढे उभं राहून काही मागायला मला तोंड नव्हतं.

त्याचं कारण सांगतो. नऊ वर्षांपूर्वी पनवेलमध्ये आमच्या पहिल्या तपासण्या झाल्या, तेव्हाच कळलं होतं की दोष माझ्यात आहे. दवाखान्याच्या जिन्यात मी बायकोला म्हणालो, "आईला सांगू नकोस." ती "बरं" म्हणाली आणि नऊ वर्षं गप्प राहिली. आई तिला उपास सांगायची, ती करायची. धाकट्या भावाच्या मुलाच्या बारशाला बाळ पाळण्यात घालायला ती पुढे झाली, तेव्हा आई सगळ्यांदेखत म्हणाली, "तू जरा आत सरबताचं बघ." मी तिथेच पाळण्याला फुलांची माळ बांधत होतो. मी माळ बांधत राहिलो.

आता रोज सकाळी तळोज्याला कामावर निघण्याआधी मी तिला इंजेक्शन द्यायचो. औषध तेलकट, म्हणून बाटली आधी तळहातात धरून कोमट करायची. तिच्या कमरेवर निळे डाग पडले होते. "तुमचा हात नर्सपेक्षा हलका झालाय," ती हसून म्हणायची. दुखणं माझं आणि सुया तिला, हे रोज सकाळी मला दिसायचं.

सहाव्या दिवशी रविवार होता. आई म्हणाली, "माझ्या माहेरच्या देवीला गाऱ्हाणं घालून येऊ. सूनबाईला घरीच राहू दे." आईचं माहेर आपटा गावाच्या बाजूला. त्या गावात देवीला मनातल्या मनात मागत नाहीत. पुजारी देवीपुढे नारळ ठेवून मोठ्याने अडचण सांगतो आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला "होय गे आई" म्हणतात.

पुजारी म्हातारे होते, वालाच्या शेतातून तसेच आलेले, पायाला माती. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. देवळात सात-आठ माणसं होती. पुजारीबाबांनी नारळ मांडला आणि सुरुवात केली, "आई, ही तुझी माहेरवाशीन आलीय. तिचे सुनेची कूस भरत नाय..." आणि मध्येच थांबून माझ्याकडे वळले.

"सून कुठं हाय? दुखना तिचाच हाय ना?"

"तिचंच," आई म्हणाली.

"नाय, इचारून घेतो. खोटा गाऱ्हाना आई घेत नाय. मागं एक जन बैल चोरीला गेला म्हनून आलता. बैल त्यानंच इकलेला!"

सगळे हसले. मला हसता आलं नाही. ते सहज बोलले असतील. मला मात्र वाटलं, नऊ वर्षं कुणीच न विचारलेला प्रश्न आज कुणीतरी त्यांच्या तोंडून विचारला.

"बाबा," मी म्हणालो, "दोष माझ्यात आहे. तिच्यात काही नाही. मीच तिला गप्प बसवलं."

पुजारीबाबांच्या चेहऱ्यावर नवल दिसलं नाही, रागही दिसला नाही. "मंग तुझा नाव सांग, पोरा," एवढंच म्हणाले आणि पहिल्यापासून, माझ्या नावाने गाऱ्हाणं घातलं. माणसं "होय गे आई" म्हणाली. सगळ्यांच्या मागून, अगदी हळू, माझ्या आईचाही आवाज आला.

परतताना पाताळगंगेच्या पुलावर आईने मला स्कूटर थांबवायला लावली. उतरून ती कठड्याला धरून उभी राहिली. "नऊ वर्षं?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. मग ती परत स्कूटरवर बसली. घरी आल्यावर चपला काढून ती थेट आतल्या खोलीत गेली, पलंगावर बायकोच्या पायांशी बसली आणि म्हणाली, "मला एकदा तरी सांगायचंस गं."

"तुम्ही विचारलंच नाहीत, आई. तुम्ही थेट उपासच सांगितलेत," बायको म्हणाली.

आई रडता रडता हसली. मग दोघी बराच वेळ रडत होत्या. मी दारात उभा होतो. मला आत कुणी बोलावलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

उरलेले दिवस आईनेच बाटली तळहातात धरून कोमट केली. चौदाव्या दिवशी दुपारी रिपोर्ट मोबाइलवर आला. गर्भ राहिला नव्हता. बायकोने फोन पालथा ठेवला आणि माझा हात घट्ट धरला. तेवढ्यात मावशीचा फोन आला. तो आईने घेतला. "नाही गं, नाही राहिलं. सुनेला काही बोलायचं नाही. अडचण माझ्या मुलाची आहे," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी मी बायकोला घेऊन त्या देवळात गेलो. पुजारीबाबांनी माझ्या हातातला नारळ पाहिला. "झाला काम?"

"नाही, बाबा."

"मंग फेडायला कशाला आलास?"

"देवीने माझं गाऱ्हाणं घेतलं होतं. परत नाही केलं."

त्यांनी माझ्या हातून नारळ घेतला. मग तो फोडून त्यातली एक वाटी त्यांनी बायकोच्या ओटीत घातली. इतकी वर्षं सणासमारंभात तिची ओटी भरायला बायका कचरायच्या. तिने दोन्ही हातांनी पदर पसरला. "होय गे आई," ती एकटीच म्हणाली. या वेळी आम्ही काहीच मागितलं नव्हतं.

मूल का दिलं नाहीस, असं मी देवीला विचारत नाही. तिला काय द्यायचं ते ती जाणे. रोज सकाळी देव्हाऱ्यापुढे आम्ही तिघं उभे राहतो. काय मागावं ते मला पुष्कळदा सुचत नाही. पण आता मी मान वर करून उभा राहतो.