डिकीवरचा आकडा

आमच्या काकांनी आयुष्यात एकदाही खोटा आकडा सांगितला नाही, हे विट्यात कुणीही शपथेवर सांगेल. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. तीस वर्षं त्यांनी तामिळनाडूत सोनं गाळलं आणि गावी परतल्यावर, बाकीचे लोक देवळाच्या कट्ट्यावर बसायला लागतात त्या वयात, गाड्या पॉलिश करायचं दुकान काढलं. पण गाडी आली की लगेच मशीन फिरवतील तर ते काका कसले. आधी खिशातून रंगाची जाडी मोजायचा मीटर निघणार. तो पत्र्याला टेकवला की टिक् वाजतं आणि किती मायक्रॉन रंग शिल्लक आहे ते दिसतं. एका जागी तीनदा मोजायचं, तिथं पांढऱ्या टेपचा तुकडा चिकटवायचा, त्यावर पेन्सिलीनं आकडा लिहायचा. तासाभरात गाडी दवाखान्यातून पट्ट्या बांधून आल्यासारखी दिसायला लागते. गिऱ्हाईक कुरकुरलंच तर काका शांतपणे म्हणतात, "सोनं चुकलं तर परत गाळता येतं गड्या. घासलेला रंग माघारी येत न्हाई."

हा नाद इतका वाढला की घरातलं लोखंडी कपाट, मावशीचा फ्रिज, शेजाऱ्यांचं फाटक, काही म्हणून सुटलं नाही. माझ्या धाकट्या बहिणीला बघायला आटपाडीचे पाहुणे आले होते. चहा होईपर्यंत काका अंगणात त्यांच्या गाडीभोवती एक चक्कर मारून आले आणि भर बैठकीत म्हणाले, "डावं दार ठोकलंय. आत पुट्टी भरलीया." आपल्या गाडीला कधी साधं खरचटलंही नाही, असं मुलाचे वडील नुकतेच सांगून बसले होते. स्थळ तिथंच बारगळलं. मावशी आठवडाभर बोलली नाही, आणि आपलं काय चुकलं ते काकांना अजून कळलेलं नाही. "आकडा हाय त्यो. मी काय करू?"

काकांची स्वतःची गाडी लाल आहे, तामिळनाडूत असतानाच घेतलेली. तिच्या डिकीवर एक घर आहे. चौकोन, वर त्रिकोण, दारात तीन माणसं. त्यांच्या एकुलत्या लेकीनं, शीतलनं, सहा वर्षांची असताना केसांच्या पिनेनं ओरखडून काढलेलं. आता ती कॅनडात असते, चार वर्षांत आलेली नाही. या दिवाळीला यायची होती. मावशी म्हणाली, "आवं, पोरीला आणायला हीच गाडी न्यायची ना? मग तेवढं डिकीवरचं काढा की." काकांनी मीटर टेकवला. "साठच हाय. मशीन लावली तर खालचा पत्रा दिसंल." काकांचा आकडा म्हटल्यावर मावशीनं तो विषय सोडून दिला.

मग शीतलचा फोन आला की रजा मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी मी गेलो, तर काका अंगणात गाडी पुसत होते. कुठंच जायचं नव्हतं तरी पुसत होते. ते फडकं धुवायला नळावर गेले, मीटर टपावर राहिला. मी सहज उचलला आणि त्या घरावर टेकवला. एकशे अठरा. माझंच काही चुकलं असेल म्हणून परत टेकवला. एकशे वीस. काकांच्या शिस्तीप्रमाणे तिसऱ्यांदाही बघितलं. एकशे एकोणीस. मशीन फिरवली असती तर घर पुसलं गेलं असतं आणि रंगाला काहीही झालं नसतं.

तेवढ्यात मावशी चहा घेऊन आली. "तू मोजलंस व्हय रं? खरंच एवढा पातळ हाय का तिथं?"

काका ओलं फडकं घेऊन माझ्या मागं येऊन उभे राहिले होते. माझ्याकडे न बघता ते फडकं पिळत राहिले.

"साठच आहे, मावशी," मी म्हणालो.

ती आत गेली. काकांनी दारातल्या तीन माणसांवरून फडकं अगदी हळू फिरवलं आणि मीटर माझ्या हातातून काढून खिशात टाकला. मला शीतलची फार आठवण आली.

"तिनं यायला पायजे व्हतं रं," काका म्हणाले.